एकच गाठोडं

बिल्ड टूल कोणतं घ्यायचं या प्रश्नापायी तोवर कुणाचा जीव गेला नव्हता. भांडणं मात्र पुष्कळ झाली होती. वेबपानं बनवणाऱ्या मंडळींचं असंच असतं. घरातला सिलिंडर संपला तरी पत्ता नसतो, पण कोड कुठल्या यंत्रातून काढायचा यावर हमरीतुमरीवर येतात. खारकोंडच्या सुरक्षा कक्षात त्या सकाळी असंच एक भांडण चाललं होतं, आणि ते नेहमीप्रमाणे चहाबरोबर संपेल असं सगळ्यांना वाटत होतं.

एका बाजूला उर्वी तांडेल होती, पान बनवणाऱ्या गटाची प्रमुख. दुसऱ्या बाजूला फरीदा दळवी. उर्वी हे काम तिच्याकडूनच शिकली होती आणि तिला फरीदाआपा म्हणत असे. मध्ये कक्षाचे प्रमुख कर्णिकसाहेब बसले होते. त्यांना दोन्ही बाजूंचं म्हणणं नेहमीच पटायचं, आणि शेवटी जी बाजू आकडे दाखवील तिकडे ते कलायचे.

खारकोंडची रचना अशी की पश्चिमेला खाडी, खाडीला लागून कोळीवाडा, मग रासायनिक कारखान्यांची वसाहत आणि तिच्या पाठीशी टेकडी. टेकडीच्या उतारावर बाहेरून आलेल्या कामगारांच्या खोल्या, त्यांत बहुतेक माणसं ओडिशाची. कारखान्यांत क्लोरिन. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो वर जाऊन विरत नाही, जमिनीला धरून वाऱ्याबरोबर सरपटतो. गळती झाली की माणसाला एकच गोष्ट कळायला हवी: आत्ता, या क्षणी, कुठे पळायचं. ते सांगण्यासाठी कक्षाने ‘दिशा’ नावाचं वेबपान केलं होतं. वारा बघायचा, नकाशावर बाण काढायचा, भोंगा वाजवायचा, बोलून सांगायचं.

अडचण पानाची नव्हती, ते पोचवण्याची होती. गळती झाली की सगळं गाव एकदम फोन उचलतं आणि टॉवर गुदमरतो. म्हणून आणीबाणीत टॉवर एकेका फोनला उत्तर देणं सोडून देई आणि रेडिओसारखं एकच गाठोडं सगळ्या फोनांवर एकदम फेकी. सगळ्यांना तेच, एकाच वेळी. त्या गाठोड्याला वजनाची मर्यादा होती. मर्यादेत बसलं तर श्वास घ्यायच्या आत पान उघडे. त्याहून जड झालं तर ते दोन फेऱ्यांत फेकावं लागे, आणि पहिल्या फेरीतला एखादा तुकडा ज्याच्या फोनला चुकला तो वाट बघत बसे.

हे गाठोडं बांधण्याचं काम बिल्ड टूलचं. प्रोग्रामर शेकडो लहान लहान फायलींत लिहितात, वरून दहा ठिकाणचं उसनं आणतात. बिल्ड टूल ते सगळं एकत्र करतं, नको असलेलं काढतं आणि आवळून बांधतं. कक्षात दोन टूल्सचा विचार चालू होता. त्यांची मूळ नावं परकी आणि लांबलचक होती, म्हणून जुन्याला सगळे चाळण म्हणत आणि नव्याला सूप.

“आपा, चाळणीतून निघालेलं गाठोडं मर्यादेच्या दुपटीला जातंय,” उर्वी म्हणाली. “सुपातून काढलं तर बरोबर बसतं.”

“मग कोड कमी लिहा.”

“काय कमी करू? नकाशा? भोंगा? ओडिया आवाज? तुम्हीच सांगा.”

फरीदाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हे बघ बाई. चाळण कोड वाचते. हा तुकडा कधी लागूच शकत नाही असं दिसलं, तरच टाकते. तुझं सूप वाचत नाही, मोजतं. खऱ्या गळतीत लोकांच्या फोनवर कुठला तुकडा चालला, कुठला नाही, ते बघतं आणि न चाललेला पाखडून टाकतं. आजवर लागला नाही आणि लागणारच नाही, यात फरक आहे.”

“पण टाकलेलं कुठे जात नाही. सर्व्हरवर असतं. लागलं की फोन मागवून घेतो.”

“त्या गर्दीत?”

“गर्दीत लागणारं सगळं गाठोड्यात असणारच. कारण गर्दीत काय लागतं तेच तर ते मोजतंय.”

फरीदाने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. चुकीच्या गोष्टीत कुठेच फट दिसत नाही असं कधी कधी होतं, आणि मग शहाण्या माणसालाही माघार घ्यावी लागते. कर्णिकसाहेबांनी आकडे पाहिले, उर्वीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तूच ठरव. पान तुझं आहे.”

उर्वीने सूप ठरवलं. चहा आला आणि विषय संपला.

*

उर्वीचे वडील रमाकांत तांडेल कोळीवाड्यात एकटे राहत. तरुणपणी त्यांनी खताच्या कारखान्यात कंप्रेसरवर नोकरी केली होती. त्या खोलीतला आवाज असा की शेजारच्याशी खुणांनीच बोलायचं. कानात घालायला बोळे मिळत, पण ते घातले की पट्टा सरकल्याचा आवाज कळत नसे, म्हणून कुणी घालत नसे. कारखाना बंद पडला तेव्हा कंप्रेसरवाल्या सातही जणांचे कान गेले होते. बाबा बोलत चांगले, समोरच्याचे ओठ वाचत, पण पाठमोरे असले की त्यांना भोंगाही कळत नसे.

या सातजणांची कोळीवाड्याला काळजी होती, आणि कोळीवाड्याने आपल्या पद्धतीने तोड काढली होती. रात्री झोपताना प्रत्येकाने मनगटाला जाळ्याची दोरी बांधायची. दुसरं टोक खिडकीतून बाहेर, त्याला जुना बोया, जाळं तरंगत ठेवायचा लाकडी ठोकळा, अडकवलेला. भोंगा झाला की पळता पळता जो कुणी खिडकीपाशी असेल त्याने बोया हिसडायचा. कुणाचा बोया कुठे लटकतो ते पोराटोरांनाही पाठ. म्हाताऱ्यांना मात्र त्याची लाज वाटायची.

“दावणीला बांधल्यागत झोपायचं,” बाबा म्हणत. “बैल हाव का आमी?”

त्या लाजेवर तोड म्हणून उर्वीने थरथरी केली. गादीखाली ठेवायची पातळ पट्टी, फोनशी बिनतारी जोडलेली. गळती झाली की ‘दिशा’चं पान तिला हलवी. एक लांब थरथर म्हणजे उत्तरेच्या धक्क्याकडे चला, तीन आखूड म्हणजे दक्षिणेला देवळाकडे. ऐकायला सोपं, पण बाजारात पट्ट्या पाच तऱ्हेच्या आणि प्रत्येकीशी बोलायची भाषा निराळी, त्यामुळे तो कोड चांगलाच जाड झाला होता. उर्वीने तो मन लावून लिहिला होता. आजवर तिने लिहिलेल्यात तोच एक भाग तिला खरोखर आपला वाटायचा.

पट्ट्या आल्या आणि दोऱ्या सुटल्या. बाबा स्वतः घरोघरी फिरले. सातांतला धर्माकाका पाटील जरा नाखूश होता, त्याला बाबांनी दटावलं.

“माझ्या पोरीनं केलंय ते. हलली का उठायचं, नाय हलली का झोपायचं. सोड ती दोरी.”

धर्माकाकाने दोरी सोडली आणि जाळ्यात घातली.

*

सुपाने आपली नवलाई नऊ दिवसांत संपवली नाही, हे मान्य करायला हवं. पुढच्या वर्षभरात चार-पाच किरकोळ गळत्या झाल्या आणि प्रत्येक वेळी पान डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. पूर्वी एकदा टेकडीवरचे कामगार नकाशा न समजल्याने कारखान्याच्या फाटकाकडेच धावले होते, कारण हजेरी तिथे होते आणि गोंधळ झाला की फाटकावर जमायचं एवढंच त्यांना ठाऊक होतं. आता फोन त्यांच्या भाषेत ओरडून सांगे आणि सगळी वस्ती शिस्तीत टेकडीच्या बाजूच्या सोंडेवर चढे. कर्णिकसाहेबांना मुंबईला बोलावून शाल घालण्यात आली.

या गळत्यांत एक गोष्ट सारखी होती, आणि ती कुणाच्याच नजरेत भरली नाही. सगळ्या कामाच्या वेळात झाल्या. यंत्रं चालू करताना, टाकी भरताना, दुपारच्या पाळीत. दिवसा जमीन तापते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात, शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं. म्हणजे प्रत्येक गळती टेकडीकडे गेली. कोळीवाड्यात एकदाही इशारा द्यावा लागला नाही. गादीखालच्या पट्ट्या एकदाही हलल्या नाहीत.

म्हणजे खऱ्या गळतीत हलल्या नाहीत. तालमीत दर महिन्याला हलत होत्या. पण तालीम सुपाला दाखवायची नाही असा कक्षाचा नियम होता, आणि तो उगाच केलेला नव्हता. मागे एकदा तालीम खरी समजून लोक सैरावैरा पळाले होते आणि धक्क्यावरून एक बाई पाण्यात पडून गेली होती. तेव्हापासून तालीम आणि खरं यांची कुठेही सरमिसळ होता कामा नये, हे कक्षात देवाच्या नावासारखं पाळलं जाई. तालमीच्या दिवशी पानावर मोठी लाल पट्टी येई, तालमीचं गाठोडं टॉवरवरून फेकलं जात नसे, साध्या नेटवरून जाई, तालीम संपली की आलेलं सगळं फोनवरून पुसलं जाई, आणि तिची मोजदाद वेगळी ठेवली जाई. ‘खोट्या गर्दीने सूप बिघडेल,’ असं खुद्द उर्वीच नव्या मुलांना शिकवायची.

तेव्हा सुपाने बघितलं, मोजलं आणि थरथरीचा कोड पाखडून सर्व्हरवर ठेवून दिला. काय काढलं ते सूप सांगत असे, पण असे शेकडो तुकडे दर आठवड्याला आत-बाहेर होत आणि त्यांची नावं माणसाने वाचावीत अशी नसत. तालीम सकाळी अकराला होई. तेव्हा नेट मोकळं असे, गाठोड्यात नसलेला तुकडा फोन निमिषात मागवून घेई. पट्टी हले. बाबा फोनवर उर्वीला ओरडून सांगत, “आयली गो, आयली!” आणि तिचं उत्तर ऐकू येणार नाही म्हणून लगेच फोन ठेवून देत.

*

ती गळती फटफटायच्या सुमारास झाली. एका जुन्या टाकीची झडप आपोआप तुटली, कुणी हात लावला नव्हता. त्या वेळी वारा मतलई असतो, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पिवळट हिरवा लोट कुंपणाखालून निघाला आणि उतार धरून कोळीवाड्याकडे आला.

टॉवरने गाठोडं फेकलं. सगळ्या कोळीवाड्यात फोन भोंग्यासारखे वाजले, बाण उमटले, आवाज बोलला: उत्तरेच्या धक्क्याकडे. बायका पोरांना काखेत मारून निघाल्या. वाटेत धर्माकाकाचं घर लागतं. त्याची सून दार उघडून बाहेर पडली, तिने क्षणभर मागे पाहिलं, आणि शेजारीण म्हणाली, “चल, त्यांची थरथरी हाय ना.” सून पुढे झाली. तिला दोष कोण देणार? पूर्वी बोया हिसडायला हात आपोआप गेला असता. पण खिडकीत आता बोया नव्हता.

आत धर्माकाकाच्या फोनला कळलं होतं की पट्टी हलवायची आहे. हलवायची कशी, ते त्याला ठाऊक नव्हतं. तो भाग गाठोड्यात नव्हता. फोनने तो सर्व्हरकडे मागितला. सगळं गाव त्याच वेळी कुणा ना कुणाला फोन लावत होतं. फोन मागत राहिला आणि वाट बघत राहिला.

बाबा पहाटेच्या भरतीला जाळं लावायला होडीत गेले होते, एवढ्यामुळे वाचले. पाण्यावरून त्यांना धक्क्यावरची गर्दी दिसली. डोकी मोजता मोजता त्यांच्या लक्षात आलं की कंप्रेसरवाल्यांपैकी तिथे दोघेच आहेत, गणूकाका आणि इस्माईलभाई. ते दोघे उठून नमाजाच्या आणि चहाच्या तयारीत असल्याने लोकांना पळताना पाहून निघाले होते. बाबा होडीतून उतरून घरांकडे धावत सुटले. चार माणसांनी त्यांना खाली पाडून धरून ठेवलं.

धर्माकाका आणि आणखी तिघे आपापल्या गादीवर सापडले. झोपेतच गेले असं डॉक्टर म्हणाले. ते खरं नव्हतं. धर्माकाकाचा एक पाय खाटेखाली होता आणि उशी फाटली होती.

*

चौकशी समितीने महिनाभर काम केलं, आणि प्रामाणिकपणे केलं. उर्वीने सगळं स्वतःहून सांगितलं. तिला शिक्षा हवी होती. तिला वाटत होतं की कुणीतरी मोठ्याने ओरडावं, तू मारलंस म्हणावं, म्हणजे निदान या गोष्टीला एक शेवट येईल.

समितीने तीच पहाट संगणकात पुन्हा घडवली. तोच वारा, तीच गर्दी, तोच टॉवर. फक्त गाठोडं चाळणीतून काढलेलं, थरथरीसकट, दुप्पट वजनाचं. बैठकीत कर्णिकसाहेबांनी तो निकाल वाचून दाखवला तेव्हा त्यांचा आवाज हलका झाला होता.

“दोन फेऱ्या लागल्या असत्या. बाजारगल्लीतल्या निम्म्या फोनांवर पान उशिरा उघडलं असतं. तोवर वायू गल्लीत पोचतो. चार नाही, साठच्या वर गेले असते.” त्यांनी कागद खाली ठेवला. “उर्वी, तुझी निवड बरोबर होती.”

तिने फरीदाकडे पाहिलं. फरीदा खिडकीबाहेर बघत होती.

“आपा, तुम्ही काहीतरी बोला.”

“काय बोलू? मी जिंकले असते तर साठ मेले असते.” फरीदाने पदर सावरला. “जुनं यंत्र कुणाला मारतंय ते सांगत नव्हतं, एवढंच त्याचं सुख होतं.”

बाबांनी उर्वीशी बोलणं टाकलं. बहिऱ्या माणसाला अबोला धरायला फार काही करावं लागत नाही. ती समोर आली की ते नजर खाली घालत, आणि तिने तोंडाने काहीही म्हटलं तरी ते त्यांच्यापर्यंत पोचत नसे. तिने कागदावर लिहून पुढे केलं तर त्यांनी घडी करून कोनाड्यात ठेवलं. एकदा फक्त, तिच्याकडे न बघता, ते भिंतीला सांगावं तसं म्हणाले, “धर्माला दोरी मी सोडाय लावली.”

ती तरीही रोज जात राहिली. शेवटी आपलं सामान घेऊन तिथेच राहायला आली. बाबांनी नको म्हटलं नाही. कोळीवाड्यात दोऱ्या परत बांधल्या गेल्या होत्या. बाबांच्या मनगटाला, गणूकाकांच्या, इस्माईलभाईंच्या. रात्री आडवं होण्यापूर्वी बाबा गाठ दोनदा ओढून बघत. उर्वी बाहेर जाऊन बोया जागेवर आहे ना ते बघून येई, आणि तिला त्या ओबडधोबड लाकडाच्या तुकड्याबद्दल जी कृतज्ञता वाटे तशी कुठल्याही यंत्राबद्दल कधी वाटली नव्हती.

*

समितीची शिफारस साधी होती: सूप ठेवा, पण ज्या भागावर जीव अवलंबून आहे तो राखीव करा. सुपाला तशी खूण करता येई. राखीव म्हटलं की मोजदाद काहीही सांगो, तो भाग गाठोड्यात राहणार.

उर्वीने पहिली खूण थरथरीवर केली आणि गाठोडं बांधायला सांगितलं. सूप म्हणालं, मर्यादेबाहेर. तिने नकाशा तासला, तो आधीच हाडं दिसेपर्यंत तासलेला होता. भोंग्याचा सूर आखूड केला. तरी बसेना. टॉवरवाल्यांकडे मर्यादा वाढवून मागितली तर ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. बसत नव्हतं तेवढ्याच वजनाची गाठोड्यात एकच वस्तू होती, ओडिया आवाज.

कर्णिकसाहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “टेकडीवर किती माणसं राहतात माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“आणि पट्टीवाले आता तिघे.”

“त्यातले एक माझे वडील आहेत, साहेब.”

“म्हणूनच मी ठरवू का, असं विचारायला आलो होतो. तुमच्यावर घ्या म्हणालीस तर घेतो.”

हे बोलताना त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. उर्वीने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याने ठरवलं असतं तर तिला रागावता आलं असतं, आणि ती सूट तिला स्वतःला द्यायची नव्हती. तिने फरीदाआपाला विचारलं. आपा म्हणाली, “या वेळी मी बोलणार नाही. गेल्या वेळी बोलले ते तुला हरवायला. आता जिंकायला कुणी नाहीये.”

त्या दुपारी उर्वी टेकडीवर जाऊन आली. खोल्यांबाहेर माणसं कपडे वाळत घालत होती, एक बाई पोराला न्हाऊ घालत होती. तिने एका कामगाराला मराठीत विचारलं की भोंगा झाला तर कुठे जाल. तो हसला आणि खिशातला फोन काढून दाखवला: हा सांगेल तिकडे.

परत येऊन तिने थरथरीवरची खूण काढली आणि आवाजावर केली. दोऱ्या आहेत ना, ती स्वतःशी म्हणाली. शिवाय मी घरात आहेच. तिघांना दोऱ्या पुरतात. हिशेब चोख होता, त्यात कुठेच फट दिसत नव्हती.

“हे बाहेर नको,” कर्णिकसाहेब म्हणाले. “एकदा कळलं की आपलं काय राखीव, आपलं काय नाही, हे विचारत सगळं गाव दारात येईल. आंधळे येतील, पांगळे येतील. आपण कुणाकुणाला उत्तर देणार?”

सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे कुठलं सुकं आणि कुठलं ओलं ते ठरवून जाळायचं होतं, आणि वर कुणाला सांगायचंही नव्हतं.

*

समितीच्या समोर तालीम ठरली. सकाळी अकरा, चहा झाल्यावर. उर्वी त्या वेळी कक्षात नव्हती, मुद्दाम घरी थांबली होती. बाबा खाटेवर बसले होते. डाव्या मनगटाला दोरी, उजवा तळवा गादीवर टेकलेला. गेला महिना त्यांनी त्या गादीवर नीट पाठ टेकली नव्हती.

नेट मोकळं होतं. गाठोडं आलं, आणि जे त्यात नव्हतं तेही सर्व्हरकडून पाठोपाठ आलं. पट्टी हलली. लांब, सलग, एकच थरथर.

बाबांचा हात जागच्या जागी थिजला. मग त्यांनी दुसराही हात गादीवर ठेवला, गाल टेकवला, आणि पट्टी थांबेपर्यंत तसेच राहिले. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. महिन्यात पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

“आयली गो,” ते म्हणाले.

उर्वी खाटेशी येऊन बसली. या एका नजरेसाठी ती इतके दिवस त्या घरात भुतासारखी वावरली होती.

“आता पक्की ना? पक्की केलीस ना या टायमाला?”

तिचे ओठ हलले नाहीत. बाबा ओठांकडेच बघत होते, ते काय म्हणतात त्याची वाट बघत होते. नाही म्हटलं की ही नजर परत खाली जाईल, आणि या वेळी पुन्हा वर येणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. दोरी आहेच ना हाताला, तिच्या मनात आलं. तिने मान हलवली, हो.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाड, मिठाने चिरलेला हात. मग त्यांनी दातांनी गाठ पकडली आणि मनगटावरची दोरी सोडली. खिडकीतून बोया आत ओढून घेतला, दोरीचे वेढे कोपराभोवती घातले आणि चपला पायात सरकवल्या.

“गणूला सांगून येतो. इस्माईललापन. बिचारे दावणीला बांधल्यागत झोपतात.”

ते बाहेर पडले. किती दिवसांनी ताठ चालत होते. उर्वी उंबऱ्यापर्यंत धावली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, “बाबा! दोरी सोडायला सांगू नका! बाबा!”

मासळी वाळत घालणाऱ्या बायकांनी माना वळवून पाहिलं. पाठमोरे बाबा गल्लीच्या टोकाशी पोचले, गणूकाकांच्या दाराकडे वळले. पळत जाऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली असती तर त्यांनी तिचे ओठ वाचले असते. ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि आणखी एकदा हाक मारली.